रस्ता तोच, स्पीड तोच, मग ठोके कमी का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त सायकल आणि हार्ट रेटवरची आहेत. थंडीत नव्या सायकली घेतल्या गेल्या, सोबत घड्याळंही, आणि आता ते घड्याळ रोज काहीतरी आकडा दाखवतंय आणि त्याचं करायचं काय हे कुणी सांगत नाही. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त इंदूरचे मोहल्ले देतेय. पहिल्या पत्राला जागा जास्त गेलीय, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया तिथेच आहे.

प्रश्न : वय ४७, बँकेत बसून काम. दिवाळीनंतर सायकल सुरू केली, आठवड्यातून चार दिवस सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर. सुरुवातीला २० च्या स्पीडला ठोके १५५ जायचे, आता त्याच स्पीडला १३८. सकाळी उठल्यावर ७६ असायचे ते ६४ झाले. मी खुश होतो. पण रविवारी ग्रुपबरोबर खंडवा रोडने भेरूघाट उतरून चोरलला गेलो आणि येताना चढावर परत १७८, पहिल्यांदा गेलो होतो तेव्हाही १७८ च होते. मग फिटनेस वाढला की नाही? आणि २२० वजा वय केलं तर माझी लिमिट १७३ येते, म्हणजे मी लिमिटच्या वर गेलो का? बायको म्हणते घाट बंद. — सुदामा नगर

उत्तर : वाढलाय, आणि चांगला वाढलाय, तुमच्याच आकड्यांत दिसतंय. १३८ आणि १७८ हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात एवढंच.

आधी १५५ चे १३८ कसे झाले ते बघू. त्या स्पीडला सायकल पळवायला जी ताकद दिवाळीला लागायची तेवढीच आजही लागते, म्हणजे पायांना ऑक्सिजन जवळपास तेवढाच हवा आणि हृदयाने मिनिटाला फेकायचं रक्तही जवळपास तेवढंच. बदललं ते एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं ते. हौद तेवढाच उपसायचाय पण हातातला तांब्या मोठा झाला, मग फेऱ्या कमी लागणारच. आरामात बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं, तो हिशोब धरला तर ७६ ठोके असताना एका ठोक्याला ६६ मिली आणि ६४ असताना ७८ मिली, तुमचे नेमके आकडे हेच असतील असं नाही पण फरकाचा अंदाज येतो.

हे एकदम होत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीर रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा वाढवतं, हृदयाकडे परत येणारं रक्त वाढतं, ते जास्त भरतं आणि जास्त भरलं की जास्त जोराने आवळतं, म्हणून नवीन माणसाला पंधरा दिवसांतच आकडा उतरलेला दिसतो आणि तो हवेत जातो. हृदयाचा डावा खालचा कप्पा, जो सगळ्या अंगाला रक्त पाठवतो, तो मोठा व्हायला मात्र महिने लागतात. तोवर पायांच्या स्नायूंतही बारीक रक्तवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या) वाढलेले असतात, म्हणजे आलेल्या रक्तातून ऑक्सिजन जास्त ओढून घेतला जातो. आणि व्हेगस नावाची नस आहे जी ठोक्यांना लगाम लावते, आराम करताना तिचा जोर वाढतो, शिवाय हृदयाचा स्वतःचा पेसमेकरही थोडा संथ होतो. तुमचे सकाळचे ७६ चे ६४ या सगळ्यातून आलेत.

आता १७८. ही तुमच्या हृदयाची वरची हद्द आहे किंवा हद्दीच्या अगदी जवळ, आणि ही हद्द ट्रेनिंगने वर जात नाही, झालं तर दोन-चार ठोके खालीच येते. वयाबरोबर ती हळूहळू उतरते आणि बाकी बरीचशी जन्मतःच ठरलेली असते. त्यामुळे घाटात जीव काढून पेडल मारलं तर तेव्हाही १७८ आणि आताही १७८. विचारायचं ते हे की १७८ वर तुम्ही चढत किती वेगाने होता, कितीदा पाय टेकला, वर पोचल्यावर बोलता किती वेळाने आलं. ग्रुपमधल्या कुणाच्या फोनमध्ये दोन्ही वेळची राइड रेकॉर्ड असेल तर घाटाच्या वेळा काढून बघा, माझी पैज आहे की बरीच मिनिटं वाचलेली दिसतील. शिवाय आपण इंदूरवाले राहतो पठारावर, म्हणून घाट आधी उतरायचा आणि चढायचा परत येताना, तोवर दोन-तीन तास झालेले, ऊन वर आलेलं, बाटली रिकामी, त्यात चोरलला भजी खाल्लेली, तर तिथे ठोके असेही पाच-दहाने जास्तच दिसतात.

२२० वजा वय या फॉर्म्युल्यावरून मला दर महिन्याला एक तरी पत्र येतं. तो १९७१ च्या सुमारास निघाला, आधीच्या वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून त्यातून काढलेली ती एक सोपी सरासरी रेघ आहे. २००१ मध्ये टनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच जास्त लोक धरून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा दुसरा काढला, त्यात तुमचे १७५ येतात. पण दोन्हींत माणसामाणसात दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतात, म्हणजे ४७ व्या वर्षी एकाची हद्द १६३ आणि दुसऱ्याची १८७ आणि दोघंही ठणठणीत. त्यामुळे १७३ च्या वर गेलात याचा अर्थ इतकाच की फॉर्म्युला तुम्हाला लागू पडत नाही. पळताना मोजलं तर हद्द सायकलपेक्षा पाच-दहा ठोक्यांनी जास्त येते, तेव्हा पळणाऱ्या मित्राचे झोन, म्हणजे घड्याळ हद्दीवरून पाडतं ते ठोक्यांचे टप्पे, स्वतःला लावू नका.

बायकोचं म्हणणं मी अर्धं उचलून धरते. आकड्याला घाबरू नका, पण ४७ व्या वर्षी बैठं काम करणाऱ्याने पूर्ण जोर लावायचा असेल तर एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या, आणि घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारून स्ट्रेस टेस्टही (ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी). चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, घेरी आली, ठोके अडखळल्यासारखे वाटले तर तिथेच उतरायचं, ग्रुप काय म्हणेल याचा विचार करायचा नाही, आणि बसून थांबलं नाही तर सरळ हॉस्पिटल.

प्रगती मोजायची तर घाटापेक्षा सुपर कॉरिडॉरच बरा. स्पीड धरून ठोके मोजण्यात वाऱ्याचा घोळ होतो, म्हणून उलटं करा, ठोके १३५ च्या आसपास धरून ठेवा आणि अर्ध्या तासात किती अंतर झालं ते लिहा, पंधरा मिनिटं एका दिशेने आणि पंधरा परत, म्हणजे वारा दोन्हीकडून वाटला जातो. पहाटे, चहाच्या आधी, टायरमध्ये तेवढीच हवा. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, रोज केलंत तर रोज काहीतरी वेगळं दिसेल आणि रोज डोकं फिरेल. सोबत आणखी एक आकडा बघा, जोर लावून थांबल्यावर पहिल्या एका मिनिटात ठोके कितीने उतरले. फिटनेस वाढतो तसा हा उतार वाढतो. १९९९ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांचे ठोके पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतरले त्यांना पुढे धोका जास्त आढळला होता, ती टेस्ट दवाखान्यात ट्रेडमिलवरची होती त्यामुळे रस्त्यावर एकदा ११ आले म्हणून झोप उडवून घेऊ नका, पण नेहमीच उतार एवढा कमी असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : मी ३९ ची, शाळेत शिकवते. थंडीभर बायपासच्या सर्व्हिस रोडवर सायकल चालवली, सकाळचे ठोके ६८ वरून ६० वर आले होते. एप्रिल लागल्यापासून परत ६५-६६ आणि चालवताना तर आधीपेक्षा दहाने जास्त. रस्ता तोच, वेळ तीच, उलट मी हळू चालवतेय. केलेलं सगळं वाया गेलं का? — वैशाली नगर

उत्तर : वाया काही गेलेलं नाही, एप्रिल लागलाय. उन्हात हृदयाला दोन कामं लागतात, पायांना रक्त द्यायचं आणि कातडीलाही द्यायचं म्हणजे अंगातली गरमी बाहेर जाईल, आणि वर घामातून रक्तातलं पाणी कमी होत असतं. एका ठोक्यात जाणारं रक्त घटलं की ठोके वाढवूनच भरपाई करावी लागते. म्हणूनच राइडच्या पहिल्या अर्ध्या तासात १३० असलेले ठोके दीड तासाने त्याच जोरावर १४५ दिसतात, याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात आणि हा चांगल्या तयारीच्या सायकलस्वारांनाही होतो. मालव्याच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या असल्या तरी वरच्या मजल्यावरच्या घरात मे महिन्यात झोप कशी लागते ते तुम्हाला माहीतच असेल, आणि झोप नीट नसली की सकाळचे ठोके चार-पाचने वर असतातच.

शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि तेवढ्यात आकडा बराच खाली येतो, अट एवढीच की त्या दिवसांत स्पीडच्या मागे लागायचं नाही. तासाभरापेक्षा जास्त चालवणार असाल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा पातळ ताक घ्या. (शिकंजी म्हटलं की आपल्याकडे लोक ती दुधाची घट्ट शिकंजी आणतात, ती नको, ती छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन वेगळी प्या.)

बायकांसाठी दोन गोष्टी आणखी, ज्या सायकलच्या पुरुषी ग्रुपमध्ये कुणी सांगत नाही. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सकाळचे ठोके दोन-चारने वर असणं नेहमीचं आहे, म्हणून तुलना करायची तर या महिन्याच्या त्याच दिवसांची मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करा. आणि दुसरं म्हणजे हिमोग्लोबिन. रक्तात ऑक्सिजन वाहणारंच कमी असेल तर हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं, सायकल कितीही चालवा. अंगावरून जास्त जात असेल, जिना चढताना धाप लागत असेल तर सीबीसी (हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ताची साधी तपासणी) आणि थायरॉईड दोन्ही करून घ्या, हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी त्याचा इलाज. ऊन संपून पाऊस पडल्यावरही आकडे वरच राहिले तर मात्र ही तपासणी टाळू नका.

प्रश्न : मी पुण्यात असते, आई-बाबा इंदूरला. बाबा ६६ चे, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. रोज सकाळी मित्रांबरोबर सायकलवर राजवाड्यापर्यंत जाऊन पोहे-जलेबी खाऊन येतात. त्यांचे ठोके सकाळी ५४ आणि सायकलवर १०५ च्या वर जातच नाहीत, त्यामुळे ते सगळ्यांना सांगत फिरतात की माझं हृदय खेळाडूचं आहे. खरं आहे का? — राजेंद्र नगरची मुलगी

उत्तर : बाबांचा मूड घालवायचा नाहीये मला, पण यातला बराचसा भाग गोळीचा आहे. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्या अॅड्रेनलिनचा हृदयावरचा असर अडवतात, त्यामुळे आरामातले ठोके उतरतात आणि वरची हद्द तर वीस-तीसने सहज खाली येते. डिल्टियाझेम आणि वेरापामिलही ठोके उतरवतात. अॅम्लोडिपीन, टेल्मिसार्टन वगैरे सहसा तसं करत नाहीत, म्हणून बाबांच्या मित्रांनी आपापल्या घड्याळांची आपसात तुलना करणं आधी बंद करावं, एकाची गोळी वेगळी, दुसऱ्याची वेगळी.

त्यांच्यासाठी घड्याळातले झोन बिनकामाचे आहेत. बोलून बघणं हेच त्यांचं मीटर, पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये इतपत जोर ठीक. आकडाच हवा असेल तर स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांचं ६ ते २० असं माप आहे, ६ म्हणजे नुसते बसलोय आणि २० म्हणजे यापुढे एक पेडलही नाही, त्यांनी ११ ते १३ मध्ये राहावं. फिटनेस वाढतोय का तेही यातूनच कळेल, आधी जो चढ १५ वाटायचा तो १२ वाटू लागला की झालं.

गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका, हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. अचानक सोडली तर ठोके आणि बीपी उसळतात आणि छातीत दुखण्यापर्यंत जाऊ शकतं. शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर आणखी सांभाळून, कारण शुगर उतरली की जी धडधड होते ती बीटा ब्लॉकरमुळे जाणवत नाही, फक्त घाम येतो, तेव्हा खिशात ग्लुकोज हवंच. ठोके ५० च्या खाली राहायला लागले किंवा उठताना गरगरलं तर डोस डॉक्टर ठरवतील. जलेबीबद्दल मी काही बोलत नाही, ते आईने बघावं.

प्रश्न : वय २१. मिगेल इंदुराइनचे ठोके २८ होते असं वाचलं. माझे ५२ आहेत, ४० पर्यंत कसे आणू? आठवड्यात सहा दिवस सायकल मारतो, महू, जानापाव, रालामंडल सगळं. चांगली गोष्ट म्हणजे आता कितीही जोर लावला तरी ठोके १६५ च्या वर जात नाहीत, आधी १९० जायचे. फक्त पाय जड झालेत. — भंवरकुआं

उत्तर : भिया, ही चांगली गोष्ट नाहीये.

इंदुराइनचं आधी संपवते. १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला माणूस, त्याचे २८ सांगितले जातात ते खरे धरले तरी त्यात वर्षानुवर्षांचं ट्रेनिंग आहे आणि जन्माने मिळालेलं मोठं हृदय आहे. एकाच दमाच्या दोन सायकलस्वारांत एकाचे ४२ आणि दुसऱ्याचे ५८ असू शकतात आणि ५८ वाला शर्यत जिंकू शकतो. तुझे ५२ छान आहेत, त्यांना तिथेच राहू दे.

खरी काळजीची ओळ तू शेवटी लिहिलीस. तीच मेहनत कमी ठोक्यांत झाली आणि पाय हलके वाटले तर तो फिटनेस. ठोके वर जायलाच तयार नाहीत आणि पाय जड, चिडचिड, झोप उडालेली, तर शरीर थकलंय आणि तू त्याला आराम दिलेला नाहीस. तुझी हद्द १९० वरून १६५ वर आलेली नाही, हद्द अशी पंचवीसने काही महिन्यांत उतरत नाही, तुला तिथपर्यंत पोचताच येत नाहीये. अशा थकव्यात काहींचे सकाळचे ठोके वाढतात आणि काहींचे उलट कमी होतात, म्हणून नुसत्या सकाळच्या आकड्यावर जाऊ नकोस. आणि मेसमध्ये किती खातोस? एवढं चालवून जेवण तुटपुंजं असेल तर शरीर खर्च वाचवायला ठोके उतरवतं, ते दिसायला अॅथलीटसारखं दिसतं पण असते उपासमार.

एक आठवडा फक्त हलकं, तेही मन असेल तर. मग आठवड्याला दोनच दिवस जोराचे ठेव, बाकी दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. जानापाव पळून जात नाही. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली, चक्कर येऊन पडलास, तर ईसीजी आणि रक्त तपासणी, वय २१ असलं तरी.

प्रश्न : लग्नसराईत तीन आठवडे सायकलला हात लावला नाही. ठोके ५८ चे ६४ झाले. शून्यापासून सुरुवात का? — स्नेहलतागंज

उत्तर : नाही हो. सगळ्यात आधी वाढतो तो प्लाझ्मा आणि सगळ्यात आधी उतरतो तोही तोच, थोड्याच दिवसांत, म्हणून आकडा लगेच हलतो. पुन्हा सुरू केलंत की तो परत यायलाही फार वेळ लागत नाही. पहिला आठवडा ठोके जास्त दिसतील, तेवढा आठवडा घड्याळ घरी ठेवून निघा.

प्रश्न : मनगटावरचं घड्याळ खडबडीत रस्त्यावर कधी ९० दाखवतं, कधी एकदम १८०. खराब निघालं का? — रामबाग

उत्तर : बहुतेक नाही. घड्याळ कातडीतून हिरवा उजेड टाकून रक्ताची लाट मोजतं, हँडल घट्ट धरून मनगट वाकलं किंवा खड्ड्यांनी हादरे बसले की ती लाट त्याला नीट दिसत नाही आणि ते मग अंदाज मारतं. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा आवळून बांधा, फरक पडेल. तरी शंका आली तर सायकल थांबवून मानेवर एका बाजूला दोन बोटं हलकी ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा, लगेच मोजा कारण ठोके भराभर उतरतात. रोजचा हिशोब ठेवणार असाल तर छातीचा पट्टा घ्या, तो ठोक्यांची वीज मोजतो म्हणून हादऱ्यांनी फारसा फसत नाही. लावताना आतली बाजू पाण्याने ओली करायची, कोरडा लावला तर पहिली दहा मिनिटं तोही वाटेल ते दाखवतो. आल्यावर मशीनचा तुकडा काढून पट्टा साध्या पाण्यात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा, नाहीतर घामाने सेन्सर जातो आणि वासाने घरचे पट्टा बाहेर ठेवायला लावतात.